अल्पभूधारक शेतकऱ्यांसोबत बसून डिजिटल साधन कसे घडवावे

शेतकऱ्यांसाठी मोबाईलवरचे एखादे साधन तयार करायचे ठरवून गावाकडे निघालेल्या तरुण अभियंत्यांसाठी, संस्थांतील कार्यकर्त्यांसाठी आणि कृषी पदवीधरांसाठी हा लेख लिहीत आहे. मराठवाडा आणि विदर्भातील कोरडवाहू गावांत अशा कामात मी काही हंगाम घालवले आहेत आणि तेथे जे कळले ते क्रमाने मांडण्याचा हा प्रयत्न आहे. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार महाराष्ट्रात एका शेतकऱ्याच्या वहितीचे सरासरी क्षेत्र १.३४ हेक्टर, म्हणजे सव्वातीन एकरांच्या आसपास होते. एवढ्या जमिनीवर घर चालवणाऱ्या माणसाला चुकीचा सल्ला पचवण्याइतकी ऐपत नसते. एक पेरणी वाया गेली की दुबार पेरणीसाठी कर्ज काढावे लागते. म्हणून ज्याचे नुकसान होऊ शकते त्यालाच साधनात काय असावे आणि काय नसावे हे ठरवण्याचा अधिकार हवा, असे माझे ठाम मत आहे. खाली दिलेली प्रत्येक पायरी हा अधिकार प्रत्यक्षात कसा द्यायचा, यासाठी आहे.

१. आधी अडचण समजून घ्या, साधनाचे नंतर पाहा

पहिल्या काही भेटींत लॅपटॉप उघडू नका आणि आपल्या कल्पनेचे सादरीकरण करू नका. "असे ॲप केले तर तुम्हाला आवडेल का?" या प्रश्नाला गावात बहुतेक जण होच म्हणतात, कारण दुरून आलेल्या पाहुण्याला तोंडावर नाही म्हणण्याची रीत नाही. त्या होकारावर विसंबून सहा महिन्यांचे काम आखले जाते आणि ते तसेच पडून राहते. त्याऐवजी गेल्या हंगामाविषयी विचारा: पेरणी कधी केली, ती त्याच दिवशी का केली, कोणत्या निर्णयाला सर्वांत जास्त वेळ लागला, तेव्हा कोणाला विचारले आणि त्यात पैसे किती गेले.

या प्रश्नांतून गावातील सल्ल्याची खरी वाट दिसू लागते. बहुसंख्य ठिकाणी ती कृषी सेवा केंद्राच्या दुकानदारापाशी पोहोचते, कारण औषध आणि खत तोच उधारीवर देतो. सल्ला आणि उधारी एकाच माणसाकडून मिळत असेल, तर "या आठवड्यात फवारणीची गरज नाही" असे सांगणारे साधन शेतकऱ्याला पटले तरी त्याला ते पाळता येईलच असे नाही. हा व्यवहार समजून न घेता केलेली उत्तम माहितीप्रणालीसुद्धा उपयोगाची ठरत नाही. कधी कधी चर्चेअंती असेही दिसते की गावाला पर्जन्यमापक, ग्रामपंचायतीसमोर एक फळा आणि रोज सकाळी त्यावर आकडा लिहिणारा माणूस एवढेच हवे आहे. तसे दिसले तर तेच करा.

२. गावात जाण्याची तयारी आणि कागदपत्रे

ओळखीशिवाय गावात गेल्यास विमा कंपनीचा, बियाणे कंपनीचा किंवा वसुलीचा माणूस समजून लोक जपून बोलतात. सहायक कृषी अधिकारी (पूर्वीचे कृषी सहायक), कृषी विज्ञान केंद्र, उमेद (राज्याचे ग्रामीण जीवनोन्नती अभियान) किंवा माविमच्या (महिला आर्थिक विकास महामंडळाच्या) बचत गटांच्या कार्यकर्त्या, शेतकरी उत्पादक कंपनीचे संचालक यांपैकी कोणीतरी सोबत असावे. मात्र एकाच माणसाच्या ओळखीवर अवलंबून राहू नका. तो ज्या गटाचा, ज्या वस्तीचा, ज्या पक्षाचा असेल, त्याच घरांत तुमची ऊठबस होते आणि उरलेले गाव दूर राहते.

सोबत पुढील गोष्टी असाव्यात:

- संस्थेचे ओळखपत्र आणि कामाचा हेतू सांगणारे एका पानाचे मराठी पत्र, ज्यात पैसा कोठून येतो हेही लिहिलेले असेल
- ग्रामपंचायतीचे संमतीपत्र, शक्य असल्यास ग्रामसभेत विषय मांडून घेतलेला ठराव
- मोठ्या अक्षरांतील मराठी संमतीपत्रे आणि तीच वाचून दाखवलेली ध्वनिफीत
- गावातील जमिनीच्या गटांचा नकाशा आणि महसूल मंडळातील (काही गावांच्या महसुली विभागातील) पावसाच्या नोंदी
- कोरे कार्डपेपर, जाड मार्कर, ज्वारी-तुरीचे दाणे, रांगोळी
- बटणाचा साधा फोन, तीन-चार वर्षे जुना स्वस्त स्मार्टफोन आणि वेगवेगळ्या कंपन्यांची सिमकार्डे

सातबारा, आठ-अ किंवा आधार यांच्या प्रती मात्र या टप्प्यावर कोणाकडूनही मागू नका. कागद मागितला की योजनेची आशा निर्माण होते आणि पुढचे सारे बोलणे त्या आशेभोवती फिरत राहते.

३. बैठकीला कोण आलेले नाही, ते पाहा

नवख्यांनी सर्वांत जास्त वेळ या पायरीवर द्यावा असे मला वाटते. पारावर किंवा मंदिराच्या सभामंडपात बैठक बोलावली की जमिनीचे मालक, बोलते पुरुष आणि गावातील मानाची माणसे येतात. शेतीतील निर्णय आणि कष्ट यांचा मोठा भाग त्या बैठकीबाहेर असतो. त्यामुळे प्रत्येक बैठकीनंतर उपस्थितांची यादी घेऊन बसा आणि पुढील लोकांपैकी कोण त्यात नाही, हे स्वतःला विचारा.

पहिल्या आहेत स्त्रिया. पेरणी, खुरपणी, कापूस वेचणी, बियाणे निवडणे, जनावरांचे करणे ही कामे त्यांच्याकडे असतात, पण सातबाऱ्यावर त्यांचे नाव क्वचित असते. शेतकरी संघटनेने १९९० च्या आसपास लक्ष्मीमुक्ती अभियान चालवून घरच्या लक्ष्मीच्या नावे जमीन करण्याचे आवाहन केले होते, तरीही आजचे चित्र फारसे बदललेले नाही. साधनात नोंदणीसाठी सातबाऱ्यावरील नाव सक्तीचे केले, की या सगळ्या जणी एका फटक्यात बाहेर पडतात. एकल आणि विधवा स्त्रियांची गोष्ट याहून कठीण असते, कारण कित्येकदा वारसनोंदच झालेली नसते.

दुसरे, दुसऱ्याची जमीन बटईने, ठोक्याने किंवा मक्त्याने करणारे. हे व्यवहार बहुधा तोंडी असतात आणि जमीनमालकाला कागदावर पुरावा नको असतो. तुमच्या अर्जातील "जमीन कोणाची?" हा साधा रकाना त्यांना अडचणीत आणू शकतो. "यंदा तुम्ही किती एकर करता?" एवढेच विचारले तर सल्ला देण्यासाठी ते पुरेसे असते. तिसरे, आदिवासी भागातील वनपट्टेधारक. २००६ च्या वनहक्क कायद्याने मिळालेल्या पट्ट्यावर शेती करणाऱ्याकडे नेहमीचा सातबारा असेलच असे नाही, म्हणून केवळ जमिनीच्या गट क्रमांकावर उभी केलेली नोंदणी त्याला ओळखत नाही.

चौथे, ऊसतोडीला जाणारी कुटुंबे. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून ती दिवाळीच्या सुमारास बाहेर पडतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. हिवाळ्यात घेतलेल्या बैठकांत तुम्हाला गावातील सर्वांत गरजू घरे दिसणारच नाहीत, आणि ही अनुपस्थिती तुमच्या लक्षातही येणार नाही.

पाचवे आणि अनेकदा विसरले जाणारे, फवारणी करणारे मजूर. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. औषध कोणते आणायचे हे मालक ठरवतो, सल्ल्याचा संदेशही त्याच्याच फोनवर येतो. पाठीवर पंप घेऊन कपाशीत शिरणारा मात्र दुसराच असतो. तुमचे साधन फवारणीविषयी काही सांगणार असेल, तर ते या माणसापर्यंत कसे पोहोचेल याचे उत्तर त्याच्यासोबत बसूनच शोधावे लागेल. डब्यावरील विषारीपणाचा लाल, पिवळा, निळा आणि हिरवा त्रिकोण काय सांगतो, हे न वाचता कळेल असा आवाजी संदेश असावा, अशी मागणी मजुरांसोबतच्या बैठकीत पुढे आली. मालकांच्या बैठकीत हा विषयच निघाला नव्हता.

या प्रत्येक गटाशी वेगळे बसा. सर्वांची एकत्र सभा घेऊन "बायकांनीही बोला" असे म्हटल्याने कोणी बोलत नाही.

४. वेळ, जागा आणि मोबदला

मृग नक्षत्र लागल्यापासून पेरणी आटोपेपर्यंत बैठका ठेवू नका, आणि सोयाबीन काढणीच्या दिवसांतही नको. एप्रिल-मे मधील संध्याकाळ चांगली; पावसाळ्यात पोळ्याच्या आसपास थोडी उसंत मिळते. स्त्रियांना स्वयंपाकाआधी की नंतर सोयीचे, हे त्यांनाच विचारा आणि जागा त्यांच्या वस्तीतली ठेवा. दिवस मोडून आलेल्या प्रत्येकाला त्या दिवसाची मजुरी द्या, स्त्री-पुरुषांना सारखीच द्या, आणि ती बैठक संपताच हातात द्या. चहा-नाष्ट्यावर लोकांचा दिवस घेणे योग्य नाही. ज्या कामात अभियंत्याच्या वेळेला दर असतो, त्यात शेतकऱ्याच्या वेळेलाही असला पाहिजे.

५. कागद, दाणे आणि रांगोळी यांवर आराखडा करा

पहिला आराखडा संगणकावर करू नका. सुबक पडदा दिसला की लोक त्याला तयार वस्तू समजतात आणि त्यात बदल सुचवणे त्यांना अवघड वाटते. मार्करने काढलेले वेडेवाकडे चौकोन मात्र ते बिनदिक्कत खोडतात.

सुरुवात शिवार फेरीने, म्हणजे लोकांसोबत शेतांतून फिरून, करावी. नंतर मोकळ्या जागेत रांगोळीने गावाचा नकाशा काढून घ्या, त्यावर विहिरी, नाले, हलकी आणि भारी जमीन, नेटवर्क येणारी ठिकाणे लोकांनाच दाखवायला सांगा. मग वर्षाची पट्टी आखून प्रत्येक महिन्यातील कामे आणि अडचणी मांडा. कोणती अडचण मोठी हे ठरवण्यासाठी प्रत्येकाला दहा दाणे द्या आणि अडचणींच्या चित्रांपुढे ते ठेवायला सांगा. यासाठी लिहिता-वाचता यावे लागत नाही, आणि बोलक्या माणसाचे व गप्प माणसाचे दाणे सारखेच असतात. स्त्रियांची आणि पुरुषांची मांडणी वेगळी करून दोन्ही शेजारी ठेवली, तर पुढच्या चर्चेला आपोआप दिशा मिळते.

त्यानंतर पडद्याच्या आकाराची कार्डे करून ती एकेकाच्या हाती द्या आणि स्वतः गप्प राहा. आमच्या एका बैठकीत साठीच्या पुढच्या एका आजींनी "पुढे जा" असे लिहिलेल्या चौकोनाकडे पाहिलेसुद्धा नाही. त्यांनी तुरीच्या चित्रावर बोट ठेवले, जरा थांबल्या आणि कार्ड कानाशी नेले. चित्राला हात लावल्यावर ते बोलेल, अशी त्यांची अपेक्षा होती. त्या दिवसानंतर त्या साधनातील प्रत्येक चित्र बोलके करण्यात आले आणि "पुढे जा" हे बटण बहुतेक पडद्यांवरून गेले.

गुजरातमध्ये डेव्हलपमेंट सपोर्ट सेंटर या संस्थेसोबत उभ्या राहिलेल्या 'आवाज ओटलो' या सेवेत शेतकरी साध्या फोनवरून प्रश्न ध्वनिमुद्रित करत आणि इतरांचे प्रश्न व उत्तरे ऐकत. 'डिजिटल ग्रीन' या संस्थेची सुरुवात २००६ मध्ये बंगळुरूच्या एका संशोधन प्रकल्पातून झाली आणि तिचा पाया स्थानिक शेतकऱ्यांनीच पडद्यावर येऊन केलेल्या चित्रफिती हा होता. ओळखीच्या आवाजाला आणि चेहऱ्याला किती वजन असते, हे या दोन्ही कामांतून शिकण्यासारखे आहे. तज्ज्ञाचे म्हणणे गावातील माणसाच्या तोंडून ऐकवण्याची सोय तुमच्या आराखड्यात ठेवा. मजकूर मात्र परभणी, अकोला, राहुरी किंवा दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या शिफारशीशी ताडून घ्या.

६. मापे गावाची ठेवा

सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असते आणि शेतकरी एकर-गुंठ्यांत बोलतो. ०.८० हेक्टर म्हणजे दोन एकर, हे रूपांतर साधनाने करावे, माणसाने नव्हे. पेरणीचा हिशोब बॅगांत, उत्पन्नाचा क्विंटल किंवा पोत्यांत, वेळेचा बऱ्याचदा नक्षत्रांत होतो.

सर्वांत जपायचे माप फवारणीचे. शिफारस "हेक्टरी इतके मिली" अशी असते, तर शेतात प्रश्न असतो "पंपाला किती?" आणि पंपही सारखे नसतात. पाठीवरचा हातपंप पंधरा-सोळा लिटरचा, बॅटरीचा कधी वीस लिटरचा. पेट्रोलवर चालणाऱ्या फवारणी पंपाला एकरी पाणी कमी लागते, त्यामुळे त्याच्या टाकीतले औषधाचे प्रमाण वेगळे येते. म्हणून साधनाने आधी पंपाचे चित्र दाखवून कोणता पंप आहे ते विचारावे आणि मगच आकडा सांगावा. तो आकडा मोजपात्राच्या चित्रावर रेघ दाखवून सांगितला तर आणखी चांगले, कारण बाटलीच्या टोपणाने अंदाजे माप घेण्याची सवय सर्वत्र आहे.

हवामानाच्या बाबतीतही असाच प्रामाणिकपणा हवा. महसूल मंडळाच्या ठिकाणी असलेल्या हवामान केंद्रावर पाऊस पडला म्हणजे आठ किलोमीटरवरच्या शिवारात तो पडलाच असे नाही. "तुमच्या गावात २० मिलिमीटर पाऊस झाला" असे सांगण्याऐवजी कोणत्या गावच्या केंद्रावर मोजला ते सांगा. शिवारात उभ्या असलेल्या माणसाला एकदा जरी खोटा आकडा ऐकवला, तरी पुढचा खरा आकडा तो ऐकत नाही.

७. फोन जसा आहे, जिथे आहे, तसा गृहीत धरा

घरातला स्मार्टफोन बहुधा मुलाकडे असतो आणि मुलगा तालुक्याला. एक फोन म्हणजे एक शेतकरी, असे समजून केलेली रचना इथे कोलमडते. महाराष्ट्र शासनाने १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू केलेल्या ई-पीक पाहणीत (शेतकऱ्याने ॲपवरून स्वतःच्या पिकाची नोंद करण्याच्या सोयीत) एकाच मोबाईलवरून अनेक खातेदारांची नोंद करता येते. ही सोय प्रत्येक साधनात असावी. जाता जाता काही व्यावहारिक सूचना देतो.

भर उन्हात पडदा वाचता येतो का, हे शेतात उभे राहूनच तपासा. नेटवर्क नसताना भरलेली माहिती फोनमध्ये साठून नंतर जावी आणि ती गेली की नाही हे स्पष्ट दिसावे. जागा भरल्यामुळे ॲप काढून टाकणे ही नित्याची गोष्ट आहे, म्हणून ॲपचा आकार लहान ठेवा आणि पुन्हा टाकल्यावर जुन्या नोंदी परत मिळतील असे करा.

मिस्ड कॉल दिल्यावर परत फोन येणारी आवाजी सेवा साध्या फोनवर उत्तम चालते. "माहितीसाठी एक दाबा" ही सूचना मात्र स्मार्टफोनवर अडते, कारण बोलणे चालू असताना अंकांची पाटी लपलेली असते आणि फोन कानाला लावताच पडदा काळा होतो. त्यामुळे काहीही न दाबता मुख्य संदेश पूर्ण ऐकू यावा. पहिल्या चार-पाच सेकंदांत ओळखीचे नाव कानावर पडले नाही, तर जाहिरात समजून फोन ठेवला जातो.

लघुसंदेश पाठवणार असाल तर दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे संस्थेची, पाठवणाऱ्याच्या नावाची आणि मजकुराच्या नमुन्याची आगाऊ नोंदणी करावी लागते. त्यासाठी वेळ राखून ठेवा, नाहीतर पेरणीचा संदेश पेरणीनंतर पोहोचतो. देवनागरीत एका संदेशात ७० अक्षरचिन्हेच मावतात, रोमन लिपीत १६०. काना-मात्राही या मोजणीत धरल्या जातात. खर्चाचा अंदाज यावरूनच करावा.

८. माहिती कोणाची आणि किती

वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा देशात २०२३ मध्ये झाला. त्यानुसार संमती मोकळेपणाने दिलेली, ठरावीक हेतूपुरती आणि समजून दिलेली असावी लागते, तिची सूचना राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील भाषेत, म्हणजे मराठीतही, मिळण्याची सोय हवी, आणि संमती देणे जितके सोपे तितकेच ती मागे घेणेही सोपे हवे. अंगठा उमटवून घेतल्याने हे पूर्ण होत नाही. संमतीपत्र वाचून दाखवल्यावर "आता मला सांगा, ही माहिती कोणाकडे जाईल?" असे विचारा, समोरच्याला सांगता आले तरच पुढे जा.

कमीत कमी माहिती घेण्याचा नियम स्वतःला घालून घ्या. कोणाकडे किती माल पडून आहे, कोणावर किती कर्ज आहे, कोण कोणाची जमीन कसतो, ही माहिती व्यापारी, सावकार किंवा भाऊबंद यांच्या हाती गेली तर घर अडचणीत येते. ती नसली तरी साधन चालत असेल, तर ती विचारूच नका. निधी देणाऱ्या संस्थेला आकडे हवे असतील, तर गावाची बेरीज द्या, नावे नकोत. ही अट करार होण्याआधी लेखी ठरवून घ्यावी. नंतर वाटाघाटीला जागा उरत नाही.

९. एक पूर्ण हंगाम चालवून पाहा

दोन आठवड्यांच्या चाचणीत पेरणी, कीड, काढणी आणि विक्री यांपैकी काहीच नीट दिसत नाही. खरिपाचा एक पूर्ण हंगाम दोन-तीन गावांत, थोड्या घरांसोबत साधन चालवा. शेतीशाळा (शेतातच भरणारा प्रशिक्षण वर्ग) भरत असेल तर तिथेच ते वापरून पाहणे सोयीचे, कारण पीक समोर असते आणि साधनाने सांगितलेली कीड पानावर आहे की नाही ते तत्काळ कळते.

किती जणांनी ॲप उघडले हा आकडा फारसा बोलत नाही. कोणी सोडून दिले आणि का, हे त्यांच्या घरी जाऊन विचारा. स्त्रिया, बटईदार आणि मजूर यांचे आकडे वेगळे ठेवा, कारण एकूण सरासरीत ते बुडून जातात. साधनाच्या सल्ल्याने कोणाचे नुकसान झाल्यास भरपाई कोण देणार, हे हंगामाआधी गावासमोर ठरवून त्यासाठी थोडी रक्कम बाजूला ठेवावी.

१०. ठरवणारी समिती आणि बंद करण्याची तयारी

सुरुवातीपासून गावातील सात-आठ जणांची एक समिती असावी, तिच्यात निम्म्या स्त्रिया आणि किमान एक भूमिहीन मजूर असावा. प्रत्येक महिन्याला कोणता बदल केला, कोणता केला नाही आणि का, हे समितीपुढे वाचून दाखवा. एखादी सुविधा नको असे तिने म्हटले तर ती काढली गेली पाहिजे, मग ती करायला कितीही मेहनत लागलेली असो. संदेशांचा मजकूर बदलणे, नवे आवाज ध्वनिमुद्रित करणे आणि चुकीचा संदेश थांबवणे ही कामे गावातील दोघा-तिघांना, विशेषतः कृषी सखींना (शेतीचे प्रशिक्षण घेतलेल्या गावातील महिलांना), शिकवून ठेवा.

निधी संपल्यावर काय होईल हे पहिल्याच ग्रामसभेत सांगा. सेवा बंद करायची वेळ आली तर ती हंगामाच्या मध्ये करू नका. काढणी होईपर्यंत चालवा, किमान एक महिना आधी आवाजी संदेशाने कळवा, प्रत्येक घराला त्याच्या नोंदी कागदावर छापून द्या, आणि सर्व्हरवरील माहिती पुसल्याचे पत्र ग्रामपंचायतीच्या दप्तरी जमा करून त्याची पोच घ्या.